कोल्ड रूमचा डायलर आणि साहेबांचं प्रोफाइल

रात्री पावणेतीनच्या सुमारास नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध वितरकाच्या गोदामात कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला. आत इन्सुलिन आणि लसी होत्या, म्हणजे 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या आतच राहायला हवा असा माल. तापमान 7.5 अंशांवर गेलं की भिंतीवरचा ऑटो डायलर तीन मोबाइलवर आळीपाळीनं फोन लावतो, रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवतो आणि समोरच्यानं 1 दाबला की गप्प होतो. त्या रात्री त्यानं 22 वेळा फोन लावला आणि कुणाचाही मोबाइल वाजला नाही. माल वाचला तो गेटवरच्या काकांमुळे. फेरी मारताना त्यांना भोंगा ऐकू आला आणि त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून मेंटेनन्सच्या माणसाला उठवलं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी ठाण्यात राहतो आणि व्हॉइस गेटवे (साध्या फोनच्या तारा आणि नेटवरचे कॉल एकमेकांना जोडणारा डबा), आयपी-पीबीएक्स (नेटवर चालणारं ऑफिसचं छोटं एक्स्चेंज) असली कामं करतो. मालकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "अहो, डायलर नवीन घ्यायचा का, तेवढंच सांगा. उगाच खोलात शिरू नका." त्यांचं चुकीचं होतं असं नाही. कॉलच्या नोंदीत बावीसच्या बावीस कॉल 'कनेक्टेड' दिसत होते, प्रत्येकी 35 ते 40 सेकंदांचे. फोन लागतोय आणि समोरचा उचलतोय, मग बिघडलेला असणार डायलरच.

डायलर ठणठणीत होता. बिघाड गेटवेत होता, आणि तोही एक नव्हता.

मांडणी अशी. रबाळ्यात एक व्हॉइस गेटवे, त्याला चार एफएक्सओ पोर्ट (बाहेरच्या लँडलाइन जोडायचे) आणि आठ एफएक्सएस पोर्ट (आतले साधे फोन जोडायचे). एफएक्सओवर चार जुन्या तांब्याच्या लँडलाइन. हे नंबर कंपनीच्या खोक्यांवर, बिलांवर, टेम्पोंच्या पाठीवर छापलेले, त्यामुळे सोडता येत नाहीत. एफएक्सएसवर गेट, लोडिंग डॉक, लिफ्टमधला फोन, कोल्ड रूमचा डायलर अशी साधी यंत्रं. शेजारी एका छोट्या सर्व्हरवर आयपी-पीबीएक्स आणि त्यावर दहा चॅनेलचा सिप ट्रंक, म्हणजे नेटवरून एका वेळी दहा कॉल नेणारी जोडणी. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसचे आयपी फोन व्हीपीएनवरून (नेटवरच्या खासगी जोडणीवरून) याच पीबीएक्सला जोडलेले. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही 022 मध्येच येत असल्यामुळे नंबरांची भानगड एरवी सोपी असते.

गेटवेचं पान उघडलं. कॉल हाताळणीची तीन प्रोफाइलं होती: 'साहेब', 'अकाउंट्स' आणि 'डिस्पॅच'.

इथंच मी थोडा वेळ थांबलो. या गेटवेवर प्रोफाइल म्हणजे एका कॉलशी कसं वागायचं याचा पूर्ण संच: कोणता कोडेक (आवाज आकड्यांत बसवायची पद्धत) आधी, शांतता कापायची (कुणी बोलत नसताना काहीच पाठवायचं नाही) की नाही, बटणांचे सूर कसे न्यायचे, जिटर बफर (मागेपुढे येणारी आवाजाची पॅकेटं सांभाळून घेणारा साठा) किती, रिंग किती वेळ, बिझी मिळाला तर पुढे काय, नंबरात काय घालायचं आणि काय काढायचं, ओळ, म्हणजे लाइन, सुटली हे कशावरून ओळखायचं. आधीच्या ठेकेदारानं तिन्ही प्रोफाइलांत हे सगळं अक्षरशः एकसारखं ठेवलं होतं. फरक दोनच: आयएसडी कुणाला आणि एका वेळी किती कॉल. त्यानं प्रोफाइल कंपनीच्या पगारपत्रकावरून पाडली होती. गेटवेला कोण साहेब आणि कोण कारकून याच्याशी घेणं नसतं. दुसऱ्या टोकाला माणूस आहे की यंत्र, तार तांब्याची आहे की नेटची, एवढंच त्याला कळायला हवं. डायलर 'डिस्पॅच'मध्ये होता, कारण कोल्ड रूम डिस्पॅचच्या अखत्यारीत येते.

रिसेप्शनवरच्या ताईंशी बोललो तेव्हा पहिला धागा मिळाला. "रोज सकाळी आल्यावर गेटवे बंद करून चालू करते," त्या म्हणाल्या. "नाहीतर लायनी एंगेज लागतात. आधीच्या माणसानंच सांगितलंय." दारापुढं सडा घालावा तसा हा त्यांचा रोजचा नेम झाला होता आणि त्याला दोन वर्षं झाली होती.

सकाळपर्यंत लायनी का अडकतात? ऑफिस सुटल्यावर आलेला कॉल व्हॉइसमेलला जातो. बरेच लोक निरोप न ठेवता फोन ठेवतात. तांब्याच्या लायनीवर समोरच्यानं फोन ठेवला हे गेटवेला आपोआप कळत नाही. एक्स्चेंज फक्त बिझी टोन वाजवू लागतं, आणि गेटवेनं तो ओळखून ओळ सोडायची असते. पोर्टवरचा आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. बाहेर जाऊन माझ्या मोबाइलवरून फोन लावला, व्हॉइसमेल सुरू होताच ठेवला आणि रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. 400 हर्ट्झचा सूर, 0.75 सेकंद चालू, 0.75 सेकंद बंद. भारतातला ठरलेला बिझी टोन. गेटवेतला टोनचा साचा मात्र कारखान्यातून आला तसाच अमेरिकेचा होता: 480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. गेटवे ज्या सुराची वाट पाहत होता तो रबाळ्यात कधी वाजणारच नव्हता. व्हॉइसमेलला शांतता मिळाली असती तर त्यानं स्वतः कॉल तोडला असता, पण टूं-टूं म्हणजे शांतता नव्हे. तो रात्रभर तेच रेकॉर्ड करत बसायचा. एक निरोप सव्वासहा तासांचा निघाला.

म्हणजे त्या रात्री चारपैकी तीन लायनी लटकलेल्या होत्या. पण चौथी मोकळी होती आणि डायलरचे सगळे कॉल तिच्यावरूनच बाहेर गेले होते. मग अडलं कुठं?

डायलरमध्ये नंबर भरले होते ते असे: 0 आणि पुढे दहा आकडी मोबाइल. हा शून्य म्हणजे आपल्याकडच्या ऑफिसांत असतो तो 'बाहेरच्या लायनीचा' शून्य. गेटवे तो काढून टाकायचा आणि उरलेले दहा आकडे एक्स्चेंजला द्यायचा. डायलर बसवला तेव्हा ते बरोबरच होतं, कारण स्थानिक मोबाइलला लँडलाइनवरून शून्य लागत नसे. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी 0 लावावाच लागतो. बिनशून्याचा नंबर गेला की एक्स्चेंजमधली बाई ध्वनिमुद्रित आवाजात शून्य लावायला सांगते. आमचा डायलर 22 वेळा त्या बाईला सांगत होता की कोल्ड रूमचं तापमान वाढलंय.

आणि 'कनेक्टेड'? एफएक्सओ पोर्टवरून बाहेर गेलेला कॉल समोरच्यानं उचलला की नाही, हे पोलॅरिटी रिव्हर्सल (फोन उचलल्यावर एक्स्चेंजनं तारेतला धन-ऋण उलटवून दिलेली खूण) मिळत नसेल तर गेटवेला कळत नाही. आकडे फिरवून झाले की तो सरळ 'कनेक्टेड' लिहून मोकळा होतो. त्या नोंदीवर भरवसा ठेवणं म्हणजे पत्र पेटीत टाकलं म्हणून पोचलं समजणं.

सुपरवायझर मात्र ऐकेनात. "दर महिन्याला टेस्ट घेतो. मोबाइल वाजतो. रजिस्टर बघा!" रजिस्टर खरं होतं, सह्यांसकट. दुपारी बारा, एक, साडेबारा. मग उलगडलं. दुपारी ऑर्डरींच्या गर्दीत चारही लँडलाइन भरलेल्या असतात, म्हणून टेस्टचा कॉल पुढच्या मार्गानं, सिप ट्रंकवरून जायचा. ट्रंक दहा आकड्यांना आपणहून +91 लावतो, त्यामुळे फोन लागायचा. रात्री लँडलाइन मोकळी असली की कॉल तिच्यावरून जायचा आणि मरायचा. ज्या वेळी अलार्मची खरी गरज, नेमक्या त्याच वेळी तो न लागण्याची चोख व्यवस्था.

इथवर आल्यावर कुणीही म्हणेल, मग डायलर सरळ ट्रंकवर टाका. मीही तेच करणार होतो. सहज म्हणून सुपरवायझरांच्या मोबाइलवर ट्रंकवरून एक टेस्ट मारली. वाजलाच नाही. थोडं ओशाळून त्यांनी सांगितलं की तो नंबर त्यांनी ब्लॉक केलाय. टेस्टच्या दिवशी 1 दाबून दाबून बोट दुखायचं, तरी डायलर थांबायचा नाही, पुन्हापुन्हा फोन करायचा. शेवटी रजिस्टरमध्ये सही केली की ते नंबर ब्लॉक करायचे आणि पुढच्या महिन्यात टेस्टपुरता उघडायचे.

1 का पोचत नव्हता याचं उत्तर कॅप्चरमध्ये, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या पॅकेटांच्या नोंदीत, होतं. तिन्ही प्रोफाइलांत कोडेकच्या यादीत पहिला जी.729, आणि टेलिफोन-इव्हेंट (बटणं वेगळ्या निरोपानं पाठवायची सोय) बंद. जी.729 माणसाच्या आवाजासाठी बेतलेला आहे. सेकंदाला 64 किलोबिटांचा आवाज तो 8 किलोबिटांत बसवतो. बटणाचा सूर म्हणजे दोन शुद्ध कंप्रतांची जोडी, ती या चाळणीतून गेली की भरवशानं ओळखू येत नाही. म्हणून आरएफसी 2833 आणि नंतर 2006 चा आरएफसी 4733 या इंटरनेटच्या मानकांनी सांगितलेली पद्धत वापरतात: सूर आवाजातून न नेता 'अमुक बटण, इतका वेळ' असा वेगळा निरोप आरटीपीतच (आवाजाच्या पॅकेटांच्या प्रवाहातच) पाठवायचा आणि पलीकडे गेटवेनं तो सूर नव्यानं वाजवायचा. ते बंद होतं. वागळेच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मंडळींना बँकेच्या आयव्हीआरमध्ये (बटणं दाबायला सांगणाऱ्या ध्वनिमुद्रित यंत्रणेत) 'चुकीचा पर्याय' ऐकू येत होतं, तेही याच कारणानं. ते बिचारे मोबाइलवरून बँकेला फोन करायला शिकले होते.

जी.729 आलाच कुठून? वागळेची नेटलाइन पूर्वी तोकडी होती, तेव्हाची ही काटकसर. 20 मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये जी.711 ला (64 किलोबिटांचा आवाज तसाच नेणाऱ्या कोडेकला) इथरनेटवर एका दिशेनं साधारण 87 किलोबिट लागतात, जी.729 ला 31. बारा कॉल एकदम चालले तरी जी.711 चा हिशेब जेमतेम 1 मेगाबिटवर जातो. व्हीपीएनचं ओझं धरून थोडा जास्त. आता तिथं 100 मेगाबिटची फायबर आहे. जुन्या घरातून नव्या घरात जाताना केरोसीनचा डबा सोबत न्यावा, तसा हा कोडेक कॉन्फिगरेशनमधून कॉन्फिगरेशनमध्ये आला होता. मी तो सगळीकडून काढून टाकला. फक्त जी.711, तोही ए-लॉ प्रकारचा.

नवीन प्रोफाइल पाडली ती वायरच्या शेवटाला काय आहे ते बघून.

एफएक्सओच्या बाजूचं प्रोफाइल आधी घेतलं, कारण तिथली घाण सगळीकडे पसरत होती. टोनचा साचा भारताचा: डायल टोन, रिंगबॅक, बिझी, आणि पाव सेकंद चालू, पाव बंद असा कंजेशनचा (मार्ग भरलेला असल्याचा) सूर. कॉलरचा नंबर ओळखण्याची पद्धतही बदलली. अमेरिकी साचा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये एफएसकेची (मोडेमसारख्या संकेताची) वाट पाहतो. या चार लायनींवर नंबर पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफ, म्हणजे बटणांच्या, सुरांत येत होता. ताईंच्या स्क्रीनवर दोन वर्षांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकांचे नंबर दिसले. सगळ्या कामात त्यांना हेच सर्वांत आवडलं.

इथं माझी एक चूक झाली. बिझी टोन लवकर पकडावा म्हणून मी दोन आवर्तनं, म्हणजे 3 सेकंद, पुरेशी धरली. चौथ्या दिवशी तक्रार आली की मोठ्या हॉस्पिटलांशी बोलताना फोन कटतो. हॉस्पिटलचा ऑपरेटर कॉल आतल्या एक्स्टेंशनवर टाकतो, ते एक्स्टेंशन बिझी असलं की त्यांचा ईपीएबीएक्स (हॉस्पिटलातलं छोटं एक्स्चेंज) आपल्या कानात तोच टूं-टूं वाजवतो आणि थोड्या वेळानं ऑपरेटर परत लाइनवर येतो. माझा गेटवे तोवर ओळ सोडून मोकळा. सहा आवर्तनं केली, म्हणजे 9 सेकंद. शिवाय व्हॉइसमेलच्या निरोपाला 3 मिनिटांची मर्यादा घातली. ती आधीपासून असायला हवी होती.

मग यंत्रांचं प्रोफाइल: डायलर आणि लिफ्टचा फोन. फक्त ए-लॉ, शांतता कापणं बंद, जिटर बफर स्थिर, टेलिफोन-इव्हेंट चालू आणि पोर्टवर सूर नव्यानं वाजवणं चालू.

डायलरच्या मार्गाचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. या गेटवेला लाइफलाइनची सोय आहे: वीज गेली की आतला रिले सुटतो आणि एफएक्सएसचा पहिला पोर्ट एफएक्सओच्या पहिल्या पोर्टला थेट जोडला जातो. पहिल्या पोर्टवर गेटचा फोन होता. काकांच्या खिशात मोबाइल असतो. कोल्ड रूमच्या डायलरला स्वतःची बॅटरी आहे, पण तोंड नाही. आणि कॉम्प्रेसर बंद पडण्याचं सगळ्यांत साधं कारण वीज जाणं हेच. म्हणून क्रोनवर (फोनच्या तारा जोडायच्या पट्टीवर) जम्पर, म्हणजे जोडतार, बदलून डायलर पहिल्या पोर्टवर आणला आणि पहिली लँडलाइन त्याच्यासाठी राखून ठेवली. बाहेर जाणारा दुसरा कुणाचाही कॉल तिच्यावर जाणार नाही. ती भरलेली किंवा मेलेली असली तर ट्रंक.

यात एक मेख आहे. लाइफलाइनच्या वेळी गेटवे मेलेला असतो, म्हणजे नंबरात काही घालायला किंवा काढायला कुणी नसतं. डायलर फिरवेल तेच एक्स्चेंजला जातं. म्हणून डायलरमध्ये एक्स्चेंजला हवा तसाच नंबर असला पाहिजे: 0 आणि मोबाइल. तो आधीपासून तसाच होता, चुकीच्या कारणानं का होईना! त्या पोर्टच्या प्रोफाइलमध्ये शून्य काढण्याचा नियमच काढून टाकला.

बाकीच्या पोर्टांवर शून्याचा घोळ उलटा होता. काही लोक नवा नियम ऐकून बाहेरच्या लायनीचा शून्य आणि मोबाइलचा शून्य असे दोन लावायचे, आणि गेटवेत '00 म्हणजे आयएसडी, बंद' हा नियम सर्वांत वर बसलेला. त्यांना वाटायचं गेटवे रुसलाय. आता नियम असा की एक शून्य असो की दोन, पुढे दहा आकडे असतील तर लँडलाइनवर 0 लावून आणि ट्रंकवर +91 लावून जायचं. आयएसडीला तीन शून्यं. आठ आकडी स्थानिक नंबर फिरवल्यावर 3 सेकंद थांबावं लागतं किंवा # दाबावा लागतो. गेटवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

एक्स्टेंशनही बदलावी लागली. 101 रिसेप्शन, 108 अकाउंट्स, 112 मीटिंग रूम. हे अनेक ऑफिसांत असतं आणि कुणाला खटकत नाही. डॉकवरून कुणी आगीसाठी 101 फिरवलं असतं तर रात्री रिकाम्या रिसेप्शनवर रिंग वाजत राहिली असती. सगळी एक्स्टेंशन 300 च्या घरात नेली. 101, 108 आणि 112 आता शून्य लावून किंवा न लावता, कोणत्याही पोर्टवरून, थेट बाहेर जातात.

गेट आणि डॉकच्या प्रोफाइलात शांतता कापणं बंद केलं, एवढंच खास. कॉम्प्रेसर आणि ट्रकच्या घरघरीत गेटवेला बोलणं कुठं सुरू झालं ते कळत नसे, आणि प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गिळला जायचा. काका म्हणायचे, "गाडी आलीय," पलीकडे ऐकू जायचं, "आलीय."

वागळेच्या आयपी फोनांना जिटर बफर आपोआप कमी-जास्त होणारा दिला आणि मार्ग बदलण्याचे नियम नीट केले. पूर्वी ट्रंकवरून कोणतंही नकाराचं उत्तर आलं की गेटवे तोच कॉल पुढच्या लायनीवर टाकायचा. गिऱ्हाइकाचा फोन बिझी असला, म्हणजे 486 आला, तरी एकामागून एक चारही लँडलाइनवर प्रयत्न व्हायचा आणि फोन लावणारा तोवर ताटकळत बसायचा. आता 503 (सेवा उपलब्ध नाही) किंवा काहीच उत्तर नाही, तरच दुसरा मार्ग. 486 आणि 404 (असा नंबर सापडत नाही) आले की तिथंच थांबायचं.

शेवटची टेस्ट रात्री साडेअकराला घेतली, मुद्दाम. डायलरचा प्रोब (तापमान मोजणारी कांडी) काढून कोमट पाण्याच्या ग्लासात बुडवला. पहिली फेरी गेटवे चालू असताना, दुसरी त्याची पिन काढून. दोन्ही वेळा सुपरवायझरांचा मोबाइल वाजला, त्यांनी एकदाच 1 दाबला, डायलर गप्प झाला. टेस्टच्या रजिस्टरमध्ये आता वेळेच्या रकान्याशेजारी कोणत्या लायनीवरून गेला हा रकाना आहे, आणि दोनपैकी एक टेस्ट रात्रीच घ्यायची असं मालकांनी लिहून दिलं आहे. ताई सकाळी अजूनही गेटवेकडे एकदा बघतात, पण स्विचला हात लावत नाहीत.

तिसरी लँडलाइन पाऊस लागला की खरखरते आणि त्या खरखरीत कधीकधी बिझी टोन बुडतो. तिच्यावर येणाऱ्या कॉलला 40 मिनिटांची कमाल मर्यादा घालून ठेवली आहे. तिची तारांची जोडी बदलून घेणं बाकी आहे.

'अकाउंट्स' आणि 'डिस्पॅच' प्रोफाइल पुसली. 'साहेब' मात्र मालकांनी पुसू दिलं नाही. त्यात एकच एक्स्टेंशन आहे, आयएसडी चालू आहे, आणि पाच महिन्यांत त्यावरून एकही आयएसडी कॉल गेलेला नाही.